दिसलं नाही, म्हणजे नाही?

मंडळी, आज चारेक सेकंदांच्या एका व्हिडिओबद्दल बोलू या.

एप्रिल 2004. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, दलदलीच्या जंगलात, होडीतल्या कॅमेऱ्यात एक पक्षी उडून जाताना टिपला गेला. चित्र अगदी धूसर. पण कॉर्नेल विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी 2005 साली ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं, की हा हस्तिदंती चोचीचा सुतारपक्षी! 1944 नंतर त्याचं सर्वमान्य दर्शन झालेलं नव्हतं. 2006 साली त्याच ‘सायन्स’मध्ये डेव्हिड सिब्ली आणि सहकाऱ्यांनी म्हटलं, की हा तर तिथला नेहमीचा पायलिएटेड सुतारपक्षी. भांडण कशावरून? पांढरा रंग पंखाच्या मागच्या कडेला आहे, की पंखाची खालची बाजू वळून दिसते आहे, यावरून.

आता बघा, दोघांसमोर चित्र एकच होतं. आपण ज्याला प्रत्यक्ष म्हणतो, त्यात अनुमान असं मिसळलेलं असतं.

मग निवाडा कसा करायचा? इथे आपले कुमारिल भट्ट उपयोगी पडतात. त्यांनी अनुपलब्धी, म्हणजे ‘न दिसणं’, हे स्वतंत्र प्रमाण मानलं. पण अट घातली: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर तांब्या दिसला नाही, तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

म्हणजे खरा प्रश्न असा, की त्या जंगलात पुरेसा ‘उजेड’ पडलाय का? पुढे अनेक वर्षं शोध झाला, कॅमेरे आणि ध्वनिमुद्रण यंत्रं लावली, तरी सर्वांना पटेल असा फोटो नाही. आशावादी म्हणतात, जंगल अफाट आहे आणि पक्षी बुजरा.

हा नुसता वादाचा विषय नाही. नामशेष ठरवलं तर कायद्याचं संरक्षण जातं. नाही ठरवलं तर मोजका पैसा बहुधा नसलेल्या पक्ष्यावर खर्च होतो. 2021 साली अमेरिकी सरकारने तसा प्रस्ताव मांडला. 2023 साली 21 प्रजाती नामशेष म्हणून यादीतून काढल्या, पण या पक्ष्याचा निर्णय तेव्हा बाजूला ठेवला.

आपल्याकडचा रानपिंगळा आठवा. 1884 नंतर गायब झालेला हा पक्षी 1997 साली खानदेशात शहाद्याजवळ सापडला. तिथे वाद टिकला नाही, कारण पुढे मेळघाटातही इतरांना तो पुनःपुन्हा दिसला. एक फोटो आशा जागवतो. खात्री येते ती दुसऱ्यालाही जाऊन पाहता आलं, की मगच.