फोकस नेमका कुठे चुकतो? शिवडीच्या खाडीपासून वडाळ्याच्या देवळापर्यंत

मुंबईत वडाळा रोडहून हार्बर मार्गाने दक्षिणेकडे निघाल्यावर पुढचेच स्थानक शिवडीचे आहे. तेथील खाडीकाठच्या चिखलाच्या पट्ट्यावर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात, आणि त्यांच्यासाठी लांब पल्ल्याच्या लेन्स घेऊन जमणाऱ्या हौशी छायाचित्रकारांपैकी अनेकांना घरी आल्यावर संगणकाच्या पडद्यावर कळते की, पक्षी चौकटीत आला असला तरी त्याचा डोळा स्पष्ट उमटलेला नाही. दोष लेन्सवर ढकलणे अशा वेळी सोपे असते. परंतु यंत्रातील बिघाड हे अस्पष्टतेचे शेवटी तपासण्याजोगे कारण आहे आणि त्याआधीची कारणे तपासली नाहीत, तर चांगली लेन्स विनाकारण दुरुस्तीला जाते.

पहिला संशय हवेवर घ्यावा. ओहोटीला उघडा पडलेला चिखल उन्हाने तापला की त्यालगतची हवा तापून वर चढते आणि तिच्या गरम-थंड थरांतून येणारे प्रकाशकिरण सतत वाकत राहतात. शंभर-दीडशे मीटर अंतरावरच्या पक्ष्याची प्रतिमा त्यामुळे लहरत राहते आणि कितीही महागडी लेन्स लावली तरी त्यावर उपाय नसतो. उपाय फक्त वेळेचा आणि अंतराचा आहे. भरतीचे पाणी चढू लागले की पक्षी काठाकडे सरकतात. म्हणून भरतीचे वेळापत्रक पाहून, ऊन तापण्यापूर्वीची सकाळ आणि चढते पाणी यांचा मेळ बसेल असा दिवस निवडणे, हे नवी लेन्स विकत घेण्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे ठरते.

दोष नेमका कोणता, हे छायाचित्र स्वतःच सांगते, मात्र ते पूर्ण आकारात उघडून पाहिले पाहिजे. पक्षी अस्पष्ट असून त्याच्या पुढचा किंवा मागचा चिखल स्वच्छ दिसत असेल, तर फोकस चुकला आहे. चौकटीतील प्रत्येक कडा एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल, तर हात हलला आहे. चिखल स्वच्छ असून केवळ पंख फराटल्यासारखे उमटले असतील, तर शटरचा वेग कमी पडला आहे. हात हलू नये यासाठी ४०० मिलिमीटरच्या लेन्सला निदान १/४०० सेकंद इतका वेग ठेवावा, असा जुना संकेत आहे. उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० सेकंद किंवा त्याहून अधिक वेग लागतो.

यापुढचा प्रश्न कॅमेरा स्वतः फोकस कसा साधतो हा आहे. कोनिका कंपनीचा सी३५ एएफ हा स्वयंचलित फोकसचा कॅमेरा १९७७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आला आणि १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने ही सोय लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्याच्या अंगातच बसवली. आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात आरशाखालील एक वेगळा संवेदक लेन्सच्या दोन विरुद्ध कडांमधून आलेल्या प्रतिमांची तुलना करतो, त्यांच्यातील अंतरावरून लेन्स कोणत्या दिशेला आणि किती सरकवायची हे ठरवतो आणि मोटरला तशी आज्ञा देतो. या रीतीला फेज डिटेक्शन म्हणतात. दुसरी रीत कॉन्ट्रास्ट डिटेक्शनची असून तीत मुख्य संवेदकावरची प्रतिमा सर्वांत ठळक होईपर्यंत लेन्स पुढेमागे सरकवली जाते. ती संथ आहे, पण छायाचित्र जेथे उमटते तेथेच मोजमाप होत असल्याने अधिक नेमकी आहे.

दोन्ही रीतींना प्रकाश आणि छाया यांची स्पष्ट कडा लागते. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात आषाढी एकादशीला दर्शनाची रांग लागते. अशा गर्दीच्या देवळात, जेथे छायाचित्रणाला परवानगी असेल तेथे, सावळ्या मूर्तीच्या गुळगुळीत गालावर किंवा समईच्या ज्योतीवर फोकस धरल्यास कॅमेरा चाचपडत राहतो, कारण गालावर कडा नसते आणि ज्योत इतकी प्रखर असते की तिचा नुसता पांढरा ठिपका उरतो. त्याऐवजी तुळशीच्या हाराची किंवा मुकुटाची कडा निवडावी, चौकटीच्या मध्यावरील, बहुधा सर्वांत संवेदनशील असलेला बिंदू वापरावा आणि स्थिर विषयासाठी एकदा साधलेला फोकस धरून ठेवणारी पद्धत लावावी. उडत्या पक्ष्यासाठी याच्या उलट, सतत पाठलाग करणारी पद्धत लागते. ही निवड चुकीची राहून जाणे, हेच अनेक फसलेल्या छायाचित्रांचे कारण असते.

लेन्सचे छिद्र जितके मोठे, तितकी स्पष्टतेची खोली, म्हणजे विषयाच्या पुढेमागे स्वच्छ दिसणारा पट्टा, अरुंद होते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ इतक्या मोठ्या छिद्रावर ठेवून दीड मीटरवरील चेहरा टिपल्यास ही खोली जेमतेम १० सेंटिमीटर भरते. मध्यबिंदूने डोळ्यावर फोकस धरून नंतर चौकट बसवण्यासाठी कॅमेरा १५ अंशांनी वळवला, तर फोकसचे प्रतल डोळ्याच्या मागे सुमारे ५ सेंटिमीटर सरकते, म्हणजे डोळा त्या पट्ट्याच्या अगदी काठावर येतो. फोकसचा बिंदूच डोळ्यावर सरकवणे हा यावरचा खरा उपाय आहे. नव्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांपैकी अनेकांत माणसाचा, काहींत पक्ष्याचाही डोळा ओळखण्याची सोय असल्याने तो आपोआप घडतो.

एवढे करूनही फोकस दर वेळी एकाच बाजूला, सतत पुढे किंवा सतत मागे पडत असेल, तरच मोजमापाच्या चुकीचा विचार करावा. डीएसएलआरमध्ये लेन्सपासून मुख्य संवेदकापर्यंतचा आणि आरशामार्गे फोकसच्या संवेदकापर्यंतचा असे प्रकाशाचे दोन मार्ग तंतोतंत सारख्या लांबीचे असावे लागतात. एफ/१.८ वर त्यांत ०.०५ मिलिमीटरचा फरकही जाणवतो. एफ/८ वर मात्र तो झाकून जातो. हा फरक भरून काढण्यासाठी २००७ मध्ये कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ आणि निकॉनच्या डी३ व डी३०० या कॅमेऱ्यांत सूक्ष्म समायोजनाची सोय आली, ज्यात प्रत्येक लेन्ससाठी उणे २० ते अधिक २० या टप्प्यांत दुरुस्ती करता येते. मिररलेस कॅमेऱ्यात मोजमाप मुख्य संवेदकावरच होत असल्याने ही अडचण सहसा येत नाही.

चाचणी घरीच करता येते. कॅमेरा तिवईवर पक्का बसवून लेन्सच्या नाभ्यंतराच्या २५ ते ५० पट अंतरावर ठळक छपाईचा कागद संवेदकाला समांतर लावावा आणि शेजारी एक मोजपट्टी ४५ अंशांत अशी तिरपी ठेवावी की, तिचे मधले चिन्ह कागदाच्या पातळीत येईल. ५० मिलिमीटरच्या लेन्सला सव्वा ते अडीच मीटर पुरतात; ४०० मिलिमीटरला १० ते २० मीटर लागतात आणि त्यासाठी चाळीचा व्हरांडा किंवा इमारतीची गच्ची सोयीची. छिद्र पूर्ण उघडे ठेवून, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा साधावा आणि आठ-दहा छायाचित्रे घ्यावीत. नंतर तीच चौकट लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मुख्य संवेदकावरच फोकस साधून, टिपावी आणि तुलना करावी. लाइव्ह व्ह्यूचे चित्र स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचे अस्पष्ट असेल, तर समायोजन हवे; दोन्ही सारखीच अस्पष्ट असतील, तर दोष लेन्समध्येच आहे.

मुंबईत त्या दोषाचे नाव बहुधा बुरशी असते. पावसाळ्यात बंद पिशवीत राहिलेल्या लेन्सच्या काचांवर ती जाळ्यासारखी पसरते आणि चित्रातील कडांचा ठळकपणा हरवतो. म्हणून लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या कपाटात, निदान सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेल्या लेन्सवर दव धरते, ते पुसू नये. पिशवीतच तिला बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे. समायोजन शेवटच्या टप्प्याला नेऊनही फोकस सरळ येत नसेल, तर कॅमेरा आणि लेन्स एकत्रच, मोजपट्टीच्या छायाचित्रांसह, सेवा केंद्रात द्यावेत. एकटी लेन्स पाठवल्यास दुरुस्त करणाऱ्याला चूक नेमकी कोणाची हे ठरवता येत नाही.