चौतिसा यंत्राची रांगोळी

खजुराहोच्या पार्श्वनाथ जिनालयात सोळा घरांचे ‘चौतिसा यंत्र’ कोरलेले आहे. त्याच्या ओळी अशा : ७, १२, १, १४, २, १३, ८, ११, १६, ३, १०, ५, ९, ६, १५, ४. आडवी, उभी, तिरपी, कोणतीही बेरीज ३४च. खातेवह्यांचे ताळे जुळवण्यात हयात गेलेल्यास याचे अप्रूप वाटणारच!

हिंगोली जिल्ह्यातील शाळांतून हे यंत्र मुलांकडून फरशीवर खडूने काढवावे. विषम अंकांची घरे रंगवताच वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याचे प्रतिबिंब ठरतो. बेरजेला भिणारे मूलही मग कुतूहलाने अंक तपासू लागते.

महावीराचार्यांच्या नवव्या शतकातील ‘गणितसारसंग्रहा’त तर गुणाकारांचे कंठे आहेत : १३९ × १०९ = १५१५१. एकाला पांढरा मणी, पाचाला तांबडा. हार फळ्यावर तयार.