अनेक मर्यादा, एक निवड

पिकांची आंखणी करतांना जमीन, पाणी, मजूर व भांडवल या प्रत्येकाची मर्यादा आडवी येते. एक सांभाळावी तों दुसरी मोडते.

निसर्गांतील निवडीचें अनुकरण करून असे प्रश्न संगणकाकडून सोडवून घेण्याची रीत अमेरिकेंतील प्रा. जॉन हॉलंड यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडली. प्रथम अनेक योजना वाटेल तशा मांडावयाच्या, सरस योजनांचा संकर करावयाचा, थोडा फेरफार करावयाचा, आणि पिढ्यामागून पिढ्या निवड करीत जावयाची. परंतु मर्यादा पुष्कळ असल्या म्हणजे पहिल्या पिढींत सर्व मर्यादा पाळणारी योजना बहुधा नसतेच. मोडणाऱ्या सर्व टाकल्या तर पुढील पिढीस बीजच उरत नाहीं. नफ्यांतून दंड कापावा, तर दंड हलका पडल्यास विहिरींत पाणी नसतांही कागदावर ऊस डोलूं लागतो!

कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्रा. कल्याणमय देब यांनीं २००० सालीं याकरितां तीन साधे नियम सुचविले. मर्यादा पाळणारी योजना मोडणारीपेक्षां सरस; पाळणाऱ्या दोहोंत अधिक नफ्याची सरस; मोडणाऱ्या दोहोंत कमी मोडणारी सरस. तूट मर्यादेच्या प्रमाणांत मोजावी. समजा, पाणी १०० तासांचें असून १२० तास लागतें, व मजूर ४० असून ५० लागतात. तर तुटी एकपंचमांश व एकचतुर्थांश झाल्या. आतां त्यांची बेरीज करतां येते.

उणें असलेलें तत्काळ फेकूं नये, हें ऊस पैदासकारांस पूर्वींच उमगलें होतें. कांस या रानगवतांत साखर नाममात्र. तरी त्याच्या काटकपणासाठीं कोईमतूर येथें जाड उसाशीं त्याचा संकर केला गेला, आणि त्यांतून निघालेला ‘को २०५’ हा ऊस १९१८ सालीं उत्तर भारतांत लागवडीस दिला गेला.

मात्र कोणती मर्यादा पक्की व कोणती लवचीक, हें यंत्र सांगत नाहीं. मजुरांची तूट इर्जिकीनें भरून निघेल. आटलेल्या विहिरीचें पाणी उसनें मिळत नाहीं. म्हणून आंखणीस बसण्यापूर्वीं आपल्या मर्यादांच्या या दोन याद्या प्रत्येकानें स्वतः कराव्या. तेथें चूक झाली, तर पुढील सारी निवड चुकीच्या वाटेनें जाईल.