९६ फ्रेमचा पदर

दृश्य-परिणामांच्या क्लासमधला माझा पहिला खरा शॉट चार सेकंदांचा होता. डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई डावीकडून उजवीकडे चालत जाते. तिचा मोकळा हात झुलतो, वाऱ्याने पदर उडतो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ९६ चित्रं. या बाईला मागच्या भिंतीपासून सोडवायचं होतं. "हिला उचलून वाळवंटात ठेवायची आहे, मला फक्त तिची कड द्या," सर म्हणाले. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, हातात रेघ होती. संध्याकाळपर्यंत होईल असं वाटलं. सहा दिवस लागले.

या कामाला रोटो म्हणतात. मॅक्स फ्लायशरला अमेरिकेत ज्या रोटोस्कोपचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं, त्यावरून हे नाव आलं. तो चित्रित केलेल्या माणसाच्या काचेवर पाडलेल्या एकेका फ्रेमवरून व्यंगपट गिरवायचा. आज काचेऐवजी पडदा आहे, गिरवणं तेच.

फक्त बाईभोवती एक अखंड रेघ ओढून भागत नाही. डोकं, मान, दंड, कोपरापासून मनगट, तळवा, एकेक बोट, प्रत्येकाचा स्वतंत्र शेप. अंग जिथे सांध्यात वळतं तिथे शेपही तुटला पाहिजे. बिंदू कमीत कमी, आणि खांद्यावर ठेवलेला बिंदू शेवटच्या फ्रेमपर्यंत खांद्यावरच. तो दंडाकडे घसरला की कड वळवळते. पहिल्या दिवशी मी प्रत्येक फ्रेमवर कड नव्याने बसवली. थांबवून पाहिली तर एकेक फ्रेम बिनचूक होती. चालवली, तर बाईची कड दुधासारखी उकळत होती. याला 'एज चॅटर' म्हणतात, हे सरांनी माझं सगळं काम पुसून टाकल्यावर सांगितलं.

"आधी चाल बघा. हात पुढे जाऊन थांबतो ती फ्रेम शोधा, मागे जाऊन थांबतो ती शोधा. तिथे की-फ्रेम लावा. मग दोन्हींच्या मध्ये एक. मग त्यांच्याही मध्ये. मधलं यंत्र भरेल."

हात टोकाला थांबतो तेव्हा नखंसुद्धा स्पष्ट दिसतात. मधोमध तो नुसता धुरकट पट्टा असतो. मग कड कुठे मानायची? पट्ट्याच्या आतही नाही आणि बाहेरही नाही, धुक्याच्या बरोबर मध्यावर. तिथे रेघ ठेवून सॉफ्टवेअरला मूळ कॅमेऱ्याइतकाच मोशन ब्लर द्यायला सांगितला की हात पुन्हा जिवंत होतो.

पदराने मात्र अडवलं. त्याला सांधे नाहीत. घडी घडीवर चढते, एक कड नाहीशी होते, दुसरी आतून उगवते. तिसऱ्या दिवशी होस्टेलच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साडीसमोर मी अर्धा तास उभी राहिले. तेव्हा दिसलं की लाट धरलेल्या टोकापासून निघते आणि सुट्या टोकाला जाऊन फुटते. मी आतापर्यंत कडेच्या मागे धावत होते, धरायची होती लाट. प्रत्येक लाटेला एक शेप दिला आणि तो खांद्यापासून टोकापर्यंत वाहू दिला.

या दिवसांत मला फाळके फार आठवायचे. त्र्यंबकेश्वर आमच्या नाशिकपासून जवळच, त्यामुळे ते घरचेच वाटतात. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. पण त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रं दिवसामागून दिवस घेतली आणि पडद्यावर वेल झरझर उगवलेली दाखवली. त्या काळी कच्च्या फिल्मला भोकं पाडावी लागत. अंधारात बसून ती पाडणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईही मला याच कामातल्या वाटतात. पुढे १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पार्श्वभूमीपुढे काळ्या धाग्यांनी वस्तू हवेत हलवल्या, आणि लोक त्यांनाच 'काला धागा' म्हणू लागले. आता नटाला जाड तारेवर निर्धास्त टांगतात आणि ती तार आमच्यासारखं कुणीतरी फ्रेमागणिक पुसतं.

"हिरवा पडदा लावला की रोटो कशाला?" हा प्रश्न घरच्यांनी विचारला, तसा प्रत्येक नवा विद्यार्थीही विचारतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर सहसा लाल किंवा निळ्याच्या प्रत्येकी दुप्पट हिरवे टिपणबिंदू असतात, म्हणून हिरव्यातून माणूस स्वच्छ सुटतो. पण आपली नवरी हिरवा चुडा भरून त्या पडद्यापुढे उभी राहिली, की पडद्याबरोबर चुडाही गायब. तिथे निळा पडदा हवा, नाहीतर एकेक बांगडी हाताने काढायची. शिवाय हिरव्याची झाक गालावर, पांढऱ्या धोतरावर चढते, ती उतरवणं हे आणखी एक काम.

आणि उजेड. सेटवर आरशासारखा चकचकीत गोळा धरून त्याचा फोटो घेतात. कुठला दिवा कुठे होता, खिडकी कोणत्या बाजूला, सगळं त्यात उमटतं. घरी आल्यावर मी ते फडताळातल्या स्टीलच्या डब्यांत शोधू लागले. शॉटमध्ये नव्याने ठेवलेली वस्तू उपरी दिसते ती बहुतेकदा दोन कारणांनी. तिच्या बुडाशी, टेबलाला टेकते तिथे, काळोखाची बारीक रेघ नसते. किंवा तिचा काळा रंग भोवतालच्या काळ्यापेक्षा जास्त काळा असतो.

क्लासच्या जाहिरातीत डायनासोर असतात. पालकांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं: मोठी फी भरण्याआधी मुलीला महिनाभर हे काम घरी करू द्या. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, न्यूक या सॉफ्टवेअरची शिकण्यापुरती आवृत्तीही फुकट मिळते. महिन्याअखेर ती पडद्यावरच्या कडेपाशीच बसलेली दिसली, तर पाठवा. सुरुवात बहुतेकांची रोटोपासून होते. मग तारा पुसणं, मग कंपोझिटिंग, म्हणजे सुटे थर एका चित्रात जुळवणं. शो रील मिनिटभराचीच असावी आणि त्यात आपण नेमकं काय केलं ते लिहावं. दुसऱ्याचं काम घुसडलं तर मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं.

या धंद्याची दुसरी बाजूही माहीत हवी. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या चित्रपटाच्या दृश्य-परिणामांना ऑस्कर मिळालं. तिचे मुंबई-हैदराबादचे आर्टिस्टही त्या वाघावर राबले होते. मंचावर कंपनीच्या अडचणींचा विषय निघताच संगीत वाढवून भाषण तोडण्यात आलं. माझ्या वर्गातल्या तिघांना पहिल्या नोकरीत महिनोन्‌महिने रात्रपाळी करावी लागली, जादा तासांचे पैसे मिळाले नाहीत. हे चूक आहे, आणि त्याला 'शिकण्याची किंमत' म्हणणं त्याहून चूक. आता यंत्र काही सेकंदांत बरी कड काढून देतं. केस आणि उडता पदर अजून त्याच्या हातून निसटतात, पण किती दिवस, याची धास्ती वर्गात प्रत्येकाला होती.

सहाव्या दिवशी मी शॉट दिला. सरांनी मागे सपाट करडा रंग लावला, वीस-पंचवीस वेळा पुढेमागे फिरवला. पदराबद्दल एक शब्द नाही. मग कागदावर लिहून दिलं: फ्रेम ५७, डावी करंगळी.

मी फ्रेम ५७ उघडली. करंगळी अनामिकेच्या मागे गेली होती, मी तिला पुढेच ठेवली होती.