सांधेदुखीचे कागद

गेल्या महिन्यात सावली गावातल्या आमच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि ते मुलाकडे नागपूरला गेले. त्याच खोलीत आता रक्त गोळा करण्याचं केंद्र आहे. दारावर पाटी, ‘सांधेदुखीसाठी संपूर्ण तपासणी’. ती पाटी मला खुपते.

चिकुनगुन्या येण्याआधीची कैक वर्षं तपासणी म्हणजे मलेरियाची काचपट्टी आणि विडाल यांतच गेली. १८९६ सालची ती विडाल एकदा केली, की कुठल्याही तापाचा टायफॉइड व्हायचा. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

मला आठवतं ते २००६ नंतरचं दशक. विदर्भात चिकुनगुन्या आला. २००६मध्ये देशात १३ लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप आठवड्यात उतरला, पण मनगटं, घोटे महिनोन्‌महिने सुजलेले. बायांना बांधीत वाकून रोवणी करता येईना. मग कुणीतरी आर. ए. फॅक्टर काढायला लावायचं, तो पॉझिटिव्ह यायचा आणि आमवाताचा शिक्का बसायचा. धडधाकट म्हाताऱ्यांतही हा फॅक्टर सापडतो. क्षयात सापडतो, कुष्ठरोगात सापडतो. कुष्ठरोगाच्या रिॲक्शनमध्ये सांधेही सुजतात आणि उपदंशासाठीची व्ही. डी. आर. एल. चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्या एका कागदापायी गावातल्या एका बाईवर नवऱ्याने नको तो संशय घेतला. ज्या जिल्ह्यात कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं राहिलं, तिथे तिच्या अंगावरचा बधिर चट्टा कुणी पाहू नये, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सिकलसेलचं दुखणंही असंच ‘वात’ म्हणून खपून जायचं. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत बंग दांपत्याने १९८६मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि त्या आजाराचा शोध घेतला. पण शिबिरातली सॉल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण दोघांनाही पॉझिटिव्हच दाखवते. फरक कळतो इलेक्ट्रोफोरेसिसने. तो अहवाल येईपर्यंत मुलीची सोयरीक मोडलेली असायची. अमेरिकेत गोचिडापासून होणाऱ्या लाइम आजारातही पहिली चाचणी फसवू शकते, म्हणून तिथे दुसरी झाल्याशिवाय ती पॉझिटिव्ह धरत नाहीत. आमच्याकडे पहिल्याच कागदावर निकाल.

आमचे डॉक्टर आधी बोटं दाबून बघायचे. सकाळी हात किती वेळ आखडतात, मागे ताप आला होता का, भावंडांत कुणाला सिकलसेल आहे का, हे विचारून मग एखादीच तपासणी लिहायचे.

परवा शेजारची सूनबाई नव्या केंद्रातला अहवाल घेऊन आली. ल्युपससारख्या आजारांसाठीची ए. एन. ए. चाचणी पॉझिटिव्ह, १:८०, ठळक अक्षरांत. या पातळीला १०० निरोगी माणसांतली १३ पॉझिटिव्ह येतात, हे त्यावर कुठेच छापलेलं नव्हतं. ती रात्रभर रडली होती. केंद्रातल्या पोराने तिला ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हटलं. त्यासाठी आता गडचिरोली नाहीतर चंद्रपूर गाठायचं, तेही ऐन रोवणीत मजुरी बुडवून.