थेंबांचं गणित

सलाईन लावून झालं की सिस्टर लगेच पुढच्या खाटेकडे वळत नाही. नळीवरचं चाक अंगठ्याने सरकवत, घड्याळाकडे पाहत ती थेंब मोजते. केसपेपरवर लिहिलेलं असतं: ५०० मिली, ८ तासांत. मोठ्यांच्या नेहमीच्या सेटमधून बहुधा २० थेंबांचं १ मिली होतं. हा आकडा पाकिटावर छापलेला असतो. म्हणजे १०,००० थेंब ४८० मिनिटांत, मिनिटाला साधारण २१. मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचं १ मिली होतं. तिथे तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब.

आयसीयूत एवढ्यावर भागत नाही.

रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला नॉरअ‍ॅड्रेनलिन द्यायचं असेल, तर मात्रा दर किलो वजनामागे, दर मिनिटाला, मायक्रोग्रॅममध्ये ठरते. साध्या सिरिंज पंपाला मात्र तासाला किती मिली एवढंच सांगता येतं. रुग्ण ६० किलोचा आणि मात्रा ०.१ असेल, तर मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम लागतात, तासाला ३६०. ४ मिलिग्रॅम औषध एकूण ५० मिलीत बसवलं की दर मिलीत ८० मायक्रोग्रॅम येतात. ३६० भागिले ८०: तासाला ४.५ मिली.

टिंब सुटलं आणि पंपावर ४५ पडलं, तर दहापट औषध जाईल. म्हणून दुसरी सिस्टर पहिलीचं उत्तर न पाहता सगळं गणित पुन्हा करते. तेवढ्याच ५० मिलीत ८ मिलिग्रॅम औषध असेल, तर दर निम्मा, २.२५ होतो. त्यामुळे पाळी बदलताना पंपावरचा आकडा आणि सिरिंजवरचं लेबल, दोन्ही वाचावी लागतात.

पोटॅशियम क्लोराइडच्या बाबतीत तर वेगच जीवघेणा ठरतो. ते अँप्युलमधून थेट शिरेत कधीही देत नाहीत, कारण त्याने हृदय बंद पडू शकतं. १० मिलीच्या नेहमीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं आणि साध्या वॉर्डात तासाला १० ही सर्वसाधारण मर्यादा पाळतात. म्हणजे एक अँप्युल घातलेली ५०० मिलीची बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये.

बाटलीकडे नुसतं पाहून आत काय मिसळलंय ते नातेवाइकांना कळत नाही. ‘लवकर संपू दे’ म्हणून चाक सैल करणं त्यामुळेच धोक्याचं आहे. सलाईन थांबलं, भरभर पडू लागलं किंवा पंप वाजायला लागला, तर चाकाला किंवा बटणाला हात न लावता ताबडतोब सिस्टरला हाक मारा.