पांगारा, दुधी आणि तान्ह्या पोळ्याचा बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरं लाकडी बैल ओढत घरोघर फिरतात आणि बोजारा मागतात. तान्ह्या पोळ्याची ही रीत दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी (कारकीर्द १७८८ ते १८१६) सुरू केली, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बैल घेताना मोठ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सागवानी आहे का? नसला की भाव पडला. या एका प्रश्नाने मऊ लाकडावर फार अन्याय केला आहे, असं मला मनापासून वाटतं.

सागवान टिकतं, वाळवीला पुरून उरतं, दारा-खिडक्यांना त्याला तोड नाही. पण हातात घ्यायच्या, रंगवायच्या, मुलाने फिरवायच्या वस्तूला लाकूड हलकं हवं आणि रंग धरणारं हवं. सावंतवाडीची रंगीत फळं पांगाऱ्याची. सुकलेला पांगारा इतका हलका, की टोपलीभर फळं लहान मूलही उचलतं. तिथे चितारआळी आहे, नागपुरात आपल्या महाल भागात चितार ओळी आहे. रंगाऱ्यांच्या हाताने दोन्ही गल्ल्यांना नाव दिलं. नागपूरहून भोपाळकडे जाताना नर्मदेकाठी बुधनी लागतं. तिथली कातलेली, लाख चढवलेली खेळणी दुधीच्या लाकडाची. दुधी म्हणजे आपला काळा कुडा. साल खरवडली की दुधासारखा चीक येतो आणि आतलं लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं, बारीक कणांचं निघतं. चन्नपट्टणची खेळणीही याच झाडाची. विदर्भाच्या जंगलात हे झाड आहे, पण बहुतेकांना ते सरपणापुरतंच माहीत.

कातकाम म्हणजे फिरत्या लाकडावर पटाशी धरणं. एकेकाळी दोरी ओढून लाकूड फिरवत, आता मोटर फिरवते. कठीण लाकूड बोथट हत्यारही थोडं सहन करतं. मऊ लाकूड मुळीच करत नाही. त्याचे तंतू कापले जायच्या आधी दबतात, मग उपटले जातात आणि पृष्ठभाग टॉवेलसारखा केसाळ होतो. म्हणून धार वारंवार लावायची, वेग जास्त ठेवायचा, हात हलका आणि काप नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे. उलट गेलं की पटाशी तंतूंच्या उघड्या टोकांत शिरते आणि ढलपी उडते. कातारी कसा आहे, हे सागवानापेक्षा पांगाऱ्यावर लवकर कळतं.

चिडाची गोष्ट आणखी वेगळी. वनस्पतिशास्त्रात 'मऊ लाकूड' म्हणजे चीड-देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांचं. पांगारा लोण्यासारखा मऊ असला तरी त्या हिशेबात तो 'कठीण' लाकडात मोडतो. नागपूरच्या रानात चीड नाही, तो येतो पॅकिंगच्या पेट्यांतून. त्याच्या प्रत्येक वर्षवलयात फिकट मऊ पट्टा आणि गडद टणक पट्टा असतो. पॉलिश पेपर जास्त घासला की मऊ पट्टा खचतो, टणक वर राहतो, हाताला लाटा लागतात. राळेने पेपरही भरतो. पण धारदार पटाशीने एकाच ओघात कातलं, तर तीच वलयं कटोऱ्यावर डोंगराच्या नकाशातल्या रेषांसारखी उमटतात. पेटीच्या फळीत एवढं देखणेपण असतं, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

शेवटी लाख. रंगवलेली कांडी फिरत्या लाकडावर दाबायची; घर्षणाने ती तापून वितळते, पसरते आणि केवड्याच्या सुक्या पानाने घोटली की चमकते. मऊ लाकडाला त्यातून टणक कवच मिळतं. ही लाख पळस आणि कुसुमावर येते, गोंदिया-गडचिरोलीत ती काढतात.

एक अडचण मात्र खास आपल्याकडची. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं कोरडं ऊन, जुलैत ओल. ओलं लाकूड कातलं तर आडव्या दिशेने ते जास्त आक्रसतं आणि गोल चाक लंबगोल होतं. म्हणून ओंडक्याच्या टोकांना मेण लावून सावलीत महिनोन्‌महिने सुकवावं लागतं. एवढी सवड खेळण्याच्या भावात बसत नाही, तिथेच हे काम मागे पडतं.

पुढच्या पोळ्याला बैल घ्याल तेव्हा सागवानी आहे का, हे विचारण्याआधी चाकाच्या कडेवरून नख फिरवून पाहा. नख कुठे अडकलं नाही, तर त्या लाकडावर कुणीतरी धार लावून लावून काम केलं आहे.